डीव्हीडी राईट करताना कॉम्प्युटर का दमतो?



मेळघाटात मोबाईलला रेंज मिळायला टेकडीवर जावं लागतं, अशी गावे आहेत. धारणी तालुक्यातल्या एका सहकारी सरांच्या शाळेत टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर आहे, पण नेट नाही. पहिलीची मुले घरी कोरकू बोलतात. त्यांच्यासाठी चित्र, कोरकू शब्द आणि मग मराठी शब्द, असे छोटे व्हिडिओ आम्ही काही शिक्षकांनी मिळून केले. ते डीव्हीडीवर राईट करायचं काम माझ्याकडे आलं. शाळा अकोला जिल्ह्यातली, कॉम्प्युटर जुना, विंडोज एक्सपीचा.

एका डीव्हीडीला पाऊण तास लागू लागला. माउस अडखळायचा. मध्येच लाईन गेली की डिस्क वाया, आणि डिस्क आमच्याच खिशातून आणलेल्या. शाळा व्यवस्थापन समितीचे एक पालक म्हणाले, "काऊन हो सर, इतका येळ काऊन लागते? म्हातारं झालं हे, नवीन घ्या." पण नव्यासाठी पैसे कुठले?

म्हणून आधी तपासलं. कंट्रोल, अल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडला. सीपीयूचा वापर १०० टक्के!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मोबाईलचा व्हिडिओ डीव्हीडी प्लेअरवर चालेल अशा स्वरूपात बदलताना प्रोसेसर पूर्ण राबतो, ते साहजिक आहे. ते काम एकदाच करून आयएसओ फाईल ठेवावी आणि नंतर फक्त प्रती काढाव्या. नुसती प्रत काढतानाही १०० टक्के दिसत असेल, तर मात्र दुखणं दुसरीकडे आहे.

आमचं दुखणं पीआयओ मोडचं होतं. डीएमए मोडमध्ये माहिती मेमरीतून ड्राईव्हकडे थेट जाते, प्रोसेसर फक्त हुकूम देतो. पीआयओमध्ये प्रोसेसरला ती स्वतः वाहावी लागते. मुख्याध्यापकांनीच पोषण आहाराच्या तांदळाचे कट्टे उचलायचे म्हटले, तर शाळा कोण पाहणार? तसंच.

उपाय असा :
१. माय कॉम्प्युटरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाईस मॅनेजर.
२. त्यात आयडीई कंट्रोलर्सखाली, ड्राईव्ह जोडलेला असेल ते चॅनल उघडा (बहुधा सेकंडरी). अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज पाहा.
३. 'डीएमए इफ अव्हेलेबल' निवडा.
४. तरीही पीआयओच दिसत असेल, तर ते चॅनल अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. विंडोज त्याला नव्याने ओळखतं.

आमचं काम चौथ्या पायरीवर झालं. पाऊण तासाची डीव्हीडी दहा-बारा मिनिटांत निघू लागली. खर्च शून्य. सोबत ड्राईव्हची केबल घट्ट बसवली आणि ओरखडे पडलेल्या डिस्क बाजूला काढल्या. अलीकडच्या साटा ड्राईव्हच्या मशीनवर हा प्रकार सहसा होत नाही. तिथे आधी अँटिव्हायरस आणि मागे चालू असलेले प्रोग्राम पाहावे.

पण हे झालं कसं, ते वाचून मी थबकले. ड्राईव्हकडून माहिती घेताना-देताना चुका साचत गेल्या, की एक्सपी त्याला एकेक पायरी खाली उतरवतं, शेवटी पीआयओवर आणतं. चूक खराब डिस्कची असो की सैल केबलची, शिक्षा ड्राईव्हलाच. आणि एकदा खाली टाकलं, की ते स्वतःहून परत वर घेत नाही. कोणीतरी जाऊन ती जुनी नोंद पुसावी लागते.

वर्गातही हेच होतं ना? चार वेळा उत्तर चुकलं की पोरगं 'कच्चं' ठरतं. चूक भाषेची होती, उपाशी पोटाची होती की आपल्या प्रश्नाची, ते कोणी पाहत नाही. शिक्का मात्र चौथीपर्यंत राहतो, पोरगं तोवर किती का पुढे गेलेलं असेना.

या आठवड्यात आपल्या वर्गातली अशी एक तरी जुनी नोंद पुसून, त्या मुलाला नव्याने ओळखून पाहू या.