दोन ओहमांचा भार

कापूरहोळला पुणे-सातारा महामार्ग सोडून आम्ही भोरच्या रस्त्याला लागलो आणि गाडीतले भजन अचानक थांबले. "गेलं वाटतं," मागे बसलेले वडील म्हणाले. ते यंत्राविषयी नव्हे, स्वतःच्या कानांविषयी बोलत आहेत, हे आमच्या जरा उशिराच ध्यानात आले. त्यांचे ऐकणे काही वर्षे उणावतच चालले होते. त्यांच्यासाठीच तर आम्ही मागे दोन स्पीकर बसवून घेतले होते.

फाट्यावरच्या वायरमनने डिकी उघडली. ॲम्प्लिफायर चटका बसावा इतका तापलेला. ४-४ ओहमांचे दोन्ही स्पीकर समांतर जोडलेले, म्हणजे एकूण २ ओहम. आणि त्या ब्रिज जोडणीला किमान ४ हवेत, असे यंत्रावरच बारीक अक्षरांत छापलेले. विद्यार्थ्यांना तळटीपा वाचायला बजावणाऱ्या आम्ही ते वाचले नव्हते! रोध निम्मा झाला की तेवढ्याच दाबाला प्रवाह दुप्पट होतो, हा ओहमचा १८२७ सालचा नियम आम्ही शाळेत गुणांपुरता पाठ केलेला. ओहम घटले की भार 'वाढला' म्हणायचे, ही भाषाही चकवणारीच. आवाज चढवला की यंत्र जळू नये म्हणून आपणहून मुके होई.

त्याने स्पीकर एकसर जोडले. ८ ओहम. "आवाज थोडा कमी येईल, सर, पण बंद पडणार नाही."

भजन सुरू झाले. वडील काही वेळ मान खाली घालून बसले होते. मग म्हणाले, "जरा मोठं कर की."