इंग्रजीच्या मास्तरांचं बिऱ्हाड

मुंबई-नागपूर मार्गावर मूर्तिजापूरला उतरायचं आणि शकुंतला नावाच्या गाडीत जाऊन बसायचं. यवतमाळ तिथून 113 किलोमीटर. पण त्या नॅरोगेज गाडीत दिवसाचा मोठा तुकडा खर्ची पडे. 1994 पर्यंत तिला वाफेचंच इंजिन होतं, म्हणजे उतरताना कपड्यांवर कोळशाची कणी ठरलेली. ज्याला एवढा धीर नसे तो धामणगावला उतरून मोटारीनं येई. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेतून किंवा न्यूझीलंडहून यवतमाळला शिकवायला येणाऱ्या माणसापुढे साधारण याच दोन वाटा होत्या. आणि अशी माणसं येत होती. कापसाच्या बाजारासाठी माहीत असलेल्या या जिल्ह्याच्या गावी 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. तीस वर्षं ती इथं चालली.

शिकवायचा विषय ख्रिस्ती धर्मशास्त्र, माध्यम मात्र इंग्रजी. विद्यार्थी ईशान्येच्या डोंगरांतून येत, केरळातून येत, आंध्रातून येत. त्यांना एकमेकांशी बोलायला इंग्रजीच होती, तेव्हा व्याख्यान झाल्यावर निबंध तपासणं, वाक्यं सरळ करून देणं हेही मास्तरांच्या वाट्याला ओघानंच आलं. न्यूझीलंडचे ब्रूस निकोल्स यांच्यासारखे पुढे जगभर नाव झालेले प्राध्यापक इथं शिकवून गेले. नंतर केरळचे सफीर अत्याल प्राचार्य झाले. मजेची गोष्ट अशी, की यवतमाळ हा त्या गोऱ्या प्राध्यापकाला जेवढा परमुलूख, तेवढाच समोर बसलेल्या मिझो मुलालाही. दोघांनाही मे महिन्यातलं ऊन नवं, ज्वारीची भाकरी नवी आणि बाजारात कानावर पडणारी वऱ्हाडी तर अगदीच नवी. मिशनऱ्यांना मराठी शिकण्याची सक्ती असे, पंडित ठेवून शिकत, परीक्षाही देत. पण ती पुस्तकातली मराठी घेऊन भाजीवाल्या बाईपुढे उभं राहिलं, की ‘काहून’, ‘मले’, ‘तुले’ सुरू होई आणि पंडितजींनी घोटून घेतलेलं व्याकरण पिशवीतच राही.

अशा जागी मैत्री कुणाशी होते? जिथं बिऱ्हाड असेल तिथल्यांशी. निवासी संस्थेत वर्ग, वसतिगृह, भोजनगृह, प्राध्यापकांची घरं सगळं एकाच आवारात असतं. दिवस उजाडतो तिथंच, मावळतो तिथंच. देशोदेशीच्या मिशनऱ्यांची मुलं थोडी मोठी झाली, की कोडाईकनालच्या निवासी शाळेत जात. ती शाळा 1901 साली त्यांच्याचसाठी निघालेली. म्हणजे शेजारच्या घरात मुलांच्या निमित्तानं जे जाणं-येणं होतं, तोही धागा पुष्कळदा तुटायचा. गावाशी संबंध उरे तो दूधवाला, माळी, स्वयंपाकी आणि मराठी शिकवायला येणारे पंडितजी यांच्यापुरता. यात कुणाचा तुसडेपणा शोधायची गरज नाही. फाटकाच्या आत सगळं मिळत असेल तर माणूस बाहेर कशाला जाईल? आपली आखातातली मंडळी कंपनीच्या वसाहतीत वीस-वीस वर्षं काढून येतात आणि चार वाक्यं अरबी बोलता येत नाहीत, ते याच कारणानं.

1983 साली सेमिनरी पुण्याला, बिबवेवाडीकडे हलली. यवतमाळात एके काळी नागालँडपासून न्यूझीलंडपर्यंतची माणसं एका पंगतीला जेवत, हे आज तिथल्या कॉलेजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. त्याच यवतमाळात जानेवारी 2019 मध्ये 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. इंग्रजीत लिहिणारी लेखिका नको असा विरोध झाला आणि निमंत्रण मागे घेतलं गेलं. त्यांचे वडील रणजित पंडित मराठी, हेही त्या गदारोळात कुणाला फारसं आठवलं नाही. अखेर उद्घाटन केलं ते याच जिल्ह्यातल्या राजूर गावच्या, पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या वैशाली येडे यांनी. भाषण त्यांचंच गाजलं, हा भाग वेगळा. पण दारी आलेल्या पाहुण्याची भाषा मोजायची सवय यवतमाळला पूर्वी तरी नव्हती.

फाटकाच्या आतल्या या बिऱ्हाडाच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण महाराष्ट्रातच सापडतं. मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकेतल्या मिशिगनच्या. 1961 साली त्या भारतात आल्या त्या इंग्रजी शिकवायलाच, हैदराबादच्या विवेकवर्धिनी कॉलेजात. विवेकवर्धिनी ही तिथल्या मराठी मंडळींनी उभारलेली संस्था. पुढे मराठी भाषेवर संशोधन करायला त्या फलटणला आल्या आणि फलटणच्याच झाल्या. 1978 साली त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलं.

त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता फलटणची बोली. कोणत्या जातीची, कोणत्या आळीतली, किती शिकलेली माणसं कशी बोलतात, हे कान देऊन ऐकायचं आणि टिपायचं. असला विषय घेतला की खोलीत बसून भागत नाही. ब्राह्मण आळीतल्या माजघरात बसावं लागतं तसं दलित वस्तीतल्या ओट्यावरही बसावं लागतं, आणि चहाला नाही म्हणता येत नाही. अभ्यास करता करता त्यांना दिसलं, की वस्तीतली पुष्कळ मुलं शाळेत जातात खरी, पण त्यांना वाचता येत नाही. मग त्यांनी ‘आपली शाळा’ या नावानं अनौपचारिक वर्ग सुरू केले, 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा. इंग्रजी शिकवायला आलेली बाई फलटणच्या मुलांना मराठी वाचायला शिकवू लागली! आणि तेवढ्यावर न थांबता, पुण्याला येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांनाही त्यांनी मराठी शिकवली.

हे एकटीनं झालं नाही. फलटणात त्यांना जाई निंबकर भेटल्या. जाई या इरावती कर्वे यांच्या कन्या आणि स्वतः इंग्रजी कादंबरीकार. दोघींनी मिळून परभाषकांसाठी मराठीचं व्याकरण, कोश, वाचनपाठ तयार केले. 1975 च्या सुमारास ती पुस्तकं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून बाहेर पडली. मराठीतली तीन लिंगं आणि ‘त्यानं आंबा खाल्ला’ पण ‘तो आंबा खातो’ ही भानगड परक्याला समजावून सांगायची, तर एक जण ती भाषा जन्मापासून बोलणारी हवी आणि दुसरी त्या भाषेत अडखळलेली हवी. इथं दोन्ही होत्या. ज्यांचं नाव शाळेला दिलं त्या कमलाताई म्हणजे जाईंच्या सासूबाई; त्याही जन्मानं अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लुंडी. 1950 साली मुंबईत व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू करणाऱ्या त्याच. परकी सून पचवलेलं घर होतं ते. तिथं आणखी एका परकीला उंबरा अडवत नाही.

आता इंग्रजी शिकवायला माणसं उलट दिशेनं, इथून बाहेर जातात. जपाननं 1987 पासून परदेशी तरुणांना शाळांत इंग्रजीचे सहायक म्हणून बोलवायला सुरुवात केली. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांपुरता ठेवलेला आहे. पुसद-दिग्रसकडच्या बी.एड. झालेल्या मुलाची इंग्रजी कितीही चांगली असो, त्या यादीत त्याचा देश नाही. मालदीवचं दार मात्र उघडं आहे. तिथल्या शाळांचं माध्यम इंग्रजी आणि परदेशी शिक्षकांत भारतीयांचा भरणा मोठा.

काळ्या मातीतून गेलेल्या माणसाला मालदीवचं बेट पहिल्यांदा चमत्कारिकच वाटणार. शिवार नावाची गोष्ट नाही. अर्ध्या तासात गाव संपतं आणि पुढे समुद्र. डाळ-तांदूळ बोटीनं येतात. सुट्टी शुक्रवार-शनिवार. मुलांच्या मातृभाषेची, धिवेहीची, लिपी उजवीकडून डावीकडे. सकाळच्या न्याहारीला टूना मासा आणि ओलं खोबरं. जो खात असेल त्याची चैन, शाकाहारी असेल तर आनंदच! पूजेच्या मूर्ती देशात आणायला बंदी आहे, त्यामुळे भाद्रपदात गणपती घरच्यांनी फोनवर दाखवला तेवढाच. तिथंही प्रश्न बिऱ्हाडाचाच येतो. चार भारतीय शिक्षकांनी मिळून एक घर घ्यायचं, आपलं शिजवायचं, आपलं बोलायचं, की बेटावरच्या एखाद्या कुटुंबात खोली धरायची? पहिल्यात पैसे वाचतात आणि मीठ-तिखट मनासारखं मिळतं. दुसऱ्यात माणसं मिळतात. करार संपवून यायचं ठरलेलंच असेल तर पहिला मार्ग काही वाईट नाही. तक्रार एवढीच, की मग परत आल्यावर ‘तिकडचे लोक मिसळत नाहीत’ असं म्हणू नये.

यवतमाळकडे पुन्हा वळायचं कारण आहे. मिशनरी मंडळी लिहिण्यात मोठी चोख. घरी पत्रं, मंडळाला अहवाल, म्हातारपणी आठवणी. त्यांची बाजू कागदावर राहते. त्यांना मराठी शिकवणारे पंडितजी, त्यांच्या चुलीवर वरण-भात आणि पाव दोन्ही करणारा स्वयंपाकी, ऑफिसातला टंकलेखक, त्यांच्या मुलांबरोबर विटीदांडू खेळलेली शेजारची पोरं यांची बाजू फारशी कुणी लिहिलेली दिसत नाही. 1983 साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज साठी ओलांडून गेला आहे. यवतमाळात, आर्णी रोडला, दारव्ह्यात किंवा पांढरकवड्याजवळच्या उमरीच्या मिशन दवाखान्याच्या आसपास अशी कुणी माणसं तुमच्या घरात वा ओळखीत असतील, तर त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि नावानिशी लिहून घ्या.