नाण्यातला ऐब

आमच्या भिवंडीत ऐब म्हणजे भाव पडणे. ताग्यात धागा तुटला, तेलाचा डाग पडला की माल 'फ्रेश'मधून निघून 'सेकंड'मध्ये गेला. नाण्यांच्या छंदात हा हिशेब कधी कधी उलटा होतो, आणि त्याचाच फायदा काही लबाड लोक घेतात.

नाण्यातला ऐब दोन प्रकारचा असतो: टाकसाळीतला आणि बाहेरचा. छाप सरकून एक बाजू कोरी राहणे हा टाकसाळीतला. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले तर पुढच्या नाण्याच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र येते, एकीकडे सरळ आणि दुसरीकडे उलटे, खोलगट. याला विकणारे 'लखी' म्हणतात. आपले आजचे नाणे डावीकडून उजवीकडे पलटले की मागची बाजूही सरळ दिसायला हवी. तिरपी दिसली तर ठसा फिरलेला असतो. ठोकणे, कानस मारणे, ॲसिडने चमकवणे हे सगळे बाहेरचे.

फरक ओळखायला भिंग पुरते. ठशाला तडा गेला तर धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावरची रेघ उंच येते. खिळ्याने ओढलेली रेघ खोल जाते.

ग्रेड ही मुख्यतः झीज मोजते. 1 ते 70 अशी पट्टी असते. 60 पासून पुढे न वापरलेली नाणी. टाकसाळीतला ऐब ग्रेडच्या शेजारी वेगळा लिहितात. त्यामुळे झिजलेल्या लखीला मागणी असली तरी तिची ग्रेड खालचीच राहते. छाप हलकी बसलेले नाणे झिजल्यासारखे दिसते, पण त्याची मूळ चमक शाबूत असते. चिंचेने घासून लखलखीत केलेल्या नाण्याला मात्र ग्रेडिंग कंपन्या बहुधा आकडाच देत नाहीत.

गेल्या वर्षी शेजारच्या एक खाला रुपयाचे नाणे घेऊन आल्या. सालाखाली छोटा हिरा होता. फोनवरच्या माणसाने सांगितले होते, हा 'मिंट एरर', लाखात जाईल, आधी नोंदणीचे पैसे भरा. त्या कानातल्या बाळ्या गहाण ठेवायला निघाल्या होत्या.

मी माझ्या खिशातली दोन नाणी काढून दाखवली. "खाला, ही मुंबई टाकसाळीची खूण आहे. हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूणच नसते. तुमच्या गल्ल्यात असे आणखी निघतील."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण बेटा, तो सलाम करून बोलत होता रे."

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सांगितले आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी बँक कुणाकडूनही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. हे घराघरात पोहोचायला हवे, विशेषतः जिथे लूम बंद पडले आहेत आणि लाखाच्या गोष्टीवर विश्वास ठेवावासा वाटतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकतो. नाण्याच्या व्यवहारातही तिचा अर्थ तोच: घासलेले असेल तर घासलेले सांगा, आणि साधे असेल तर साधे.