'सिंहासन' आणि बऱ्हाणपूरचे वाचक

अरुण साधूंची 'सिंहासन' ही कादंबरी १९७७ साली प्रसिद्ध झाली. त्याला आता अर्धशतक होत आले, तरी आमच्या घरात आणि शेजारात तिच्यावरून अजून दोन तट पडतात. सर्वांना आवडलेल्या पुस्तकाची चर्चा चहाच्या कपाबरोबर संपते. या पुस्तकाचे तसे झाले नाही, म्हणून हे चार शब्द.

कथावस्तू थोडक्यात सांगण्याजोगी आहे. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांच्या खुर्चीवर अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांचा डोळा आहे, आणि हा सारा डाव दिगू टिपणीस नावाचा वार्ताहर जवळून पाहतो आहे. साधू स्वतः पत्रकार. त्यामुळे प्रसंगामागून प्रसंग बातमीच्या वेगाने येतात. वादाचा मुद्दा नेमका हा वेगच.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या मते ही कादंबरी नव्हे, लांबलेले वार्तापत्र आहे. माणूस ओळखीचा होतो न होतो तोच दृश्य पालटते; घटकाभर टेकावे असे पान सापडत नाही. आमच्या वहिनींची तक्रार निराळी. एवढ्या माणसांच्या गर्दीत जीव लावावा असे कोणीच नाही, असे त्या म्हणतात. हे आक्षेप निराधार आहेत असे आम्हांस वाटत नाही.

परंतु दुसरीही बाजू आहे. आमच्या पुतणीचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. ती मराठी बोलते. पण मराठी पुस्तक हाती घेतले, की दहाव्या पानावर तिचा उत्साह मावळत असे. 'सिंहासन' तिने दोन रात्रींत संपविले, आणि अडलेल्या शब्दांचे अर्थ विचारण्यासाठी आम्हांस झोपेतून उठविले!

पुण्या-मुंबईच्या वाचकांना याचे मोल कदाचित कळणार नाही. १९५६ पूर्वी आमच्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यानंतर ती भोपाळ झाली. कचेरीची भाषा हिंदी, शाळेचीही बहुधा हिंदी. मराठी उरली ती माजघरात, देवघरात आणि पुस्तकांच्या कपाटात. कपाटातली मराठी पुढच्या पिढीने उघडलीच नाही, तर उरलेली दोन ठिकाणे तिला किती दिवस पुरणार? अशा गावी, पान उलटावयास लावणारे पुस्तक केवळ वेगवान आहे म्हणून हलके ठरविणे आम्हांस परवडणारे नाही.

आणखी एक गोष्ट. यातला अमका मंत्री म्हणजे प्रत्यक्षातला कोण, हे ओळखण्याचा खेळ महाराष्ट्रातल्या वाचकांनी मनसोक्त खेळला. आमचे मत भोपाळच्या विधानसभेसाठी पडते. त्या खेळात आम्हांस रस नव्हता. त्यामुळे आमची नजर माणसांवरून खुर्चीकडे वळली. ती खुर्ची तर बऱ्हाणपूरला जुनीच ठाऊक आहे. १६२२ साली जहांगीराचा थोरला मुलगा खुसरो याच गावी धाकट्या भावाच्या, खुर्रमच्या, कैदेत मरण पावला. पोटशुळाने गेला असे सांगण्यात आले. लोकांनी ते फारसे मानले नाही. सहा वर्षांनी खुर्रम 'शाहजहान' म्हणून तख्तावर बसला. आमची मुले ताजमहालाच्या गोष्टीत मुमताजमहलचे बऱ्हाणपुरातले मरण ऐकतात. खुसरोचे नाव क्वचितच कोणी सांगतो.

पुतणीने पुस्तक मिटल्यावर विचारले, "पण यात चांगला कोण?" वहिनींचीही तक्रार शेवटी तीच होती. प्रश्न एकच, एकीला पुस्तक आवडले नाही म्हणून पडला, दुसरीला आवडले म्हणून. वेगाने वाचलेल्या पुस्तकाने वाचकाला असे मध्येच थांबविले, तर त्याचा वेग वाया गेला असे आम्ही तरी म्हणणार नाही. वडीलधाऱ्यांचे मत अजून बदललेले नाही. मात्र पुतणीने साधूंचीच 'मुंबई दिनांक' मागितली, तेव्हा कपाटाची किल्ली त्यांनीच काढून दिली.