खण्ण

रात्री झोप येईना म्हणून एक जुना माहितीपट लावला. इंग्लंडमधल्या बेडफर्डशरच्या वीटकारखान्यांवरचा, कृष्णधवल. निवेदक अशा साजूक तुपातल्या आवाजात बोलतो, की विटा नव्हे, राणीचे दागिने घडतायत.

तिथली माती अजब. तिच्यातच जळणारा अंश असतो. भट्टी तापली की वीट स्वतःच्या अंगातल्या जाळावर भाजून निघते, कोळसा बेतानंच लागतो. आणि भट्टी हॉफमनची, १८५८च्या पेटंटची. ओळीनं खोल्या. विटा जागच्या हलत नाहीत, आगच एका खोलीतून पुढच्या खोलीत सरकत फिरते. ही प्रदक्षिणा मला फार आवडली. मागच्या गार खोलीतून माणसं विटा काढत होती, तळहातांना चामड्याच्या पट्ट्या. दोन विटा एकमेकींवर आपटल्या आणि मी तिथंच अडकलो.

आमचं घर बांधत होते तेव्हा मी नऊ वर्षांचा. ट्रक रिकामा झाला की गवंडीमामा ढिगातल्या कुठल्याही दोन विटा कानाशी नेऊन वाजवायचे. खण्ण झालं तर ठीक. भद्द वाजलं की चेहरा आंबट. एकदा बाबा म्हणाले, "रंग तर छान आहे की." मामा म्हणाले, "रंगाला काय चाटायचंय, साहेब?"

विटा भिजवायचं काम माझ्याकडे. हौदात वीट सोडली की आधी चर्र, मग तिच्या अंगातून बुडबुड्यांच्या माळा. कोरडी वीट सिमेंटमधलं पाणी पिते आणि सांधा कच्चा राहतो, हे पुढे कळलं. तेव्हा मामांचा हुकूम एवढाच, बुडबुडे थांबेपर्यंत हलायचं नाही. आता संपले म्हणावं, तर कोपऱ्यातून आणखी एक चुकार यायचा. अभ्यास मी इतक्या निष्ठेनं कधी केला नाही. विटेच्या पोटातल्या खळग्यात भट्टीवाल्याची दोन अक्षरं असत. एका विटेवर त्यांच्या शेजारी मी खिळ्यानं माझं नाव कोरलं. मामांनी पाहिलं, काही न बोलता वर माल थापला आणि पुढची वीट दाबली. कुठल्या भिंतीत, आठवत नाही.

बेडफर्डच्या भट्ट्यांसाठी १९५०च्या दशकात दक्षिण इटलीतून हजारो माणसं आणली होती. माहितीपटात मजूर खूप दिसतात, बोलत कुणीच नाही. बोलतो तो साजूक तूपवाला. त्यांतला स्टुअर्टबी गावचा कारखाना २००८मध्ये बंद झाला.

मागे जाऊन तेवढाच तुकडा पुन्हा लावला. आवाज नंतर स्टुडिओत भरलेला असेल, असू दे. खण्ण. मामांनी घेतल्या असत्या.