काय म्हणाला तो?

‘काय म्हणाला तो?’

आमच्या घरात कुठलाही सिनेमा लागला की हा डायलॉग ठरलेला. पडद्यावर हिरो बोलला, की बाबा विचारणार, ‘काय म्हणाला तो?’ आई सांगणार. ती सांगेपर्यंत हिरॉइन उत्तर देऊन मोकळी. मग ‘आणि ती काय म्हणाली?’ मी वैतागून रिमोटवर आवाज वाढवणार, नेमक्या त्याच क्षणी चार गाड्या हवेत उडणार आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन येणार!

बाबांचं म्हणणं एकच, ‘हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात पुटपुटतात.’ मला ते पटायचंही. टीव्ही पातळ होत गेले तसे त्यातले स्पीकरही इवलेसे झाले. बऱ्याच टीव्हींचे स्पीकर तर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले असतात. रुसलेला माणूस भिंतीकडे तोंड करून बोलतो ना, अगदी तसे. त्यातून शब्द कळणार कसे?

तेव्हा उपाय ठरला. होम थिएटर! आणि साधंसुधं नाही. मला हवे होते स्टुडिओ मॉनिटर.

ही खाज मला ऑफिसमधल्या एका मित्रामुळे लागली. त्याने बेडरूममध्ये छोटा स्टुडिओ थाटला होता. मग घरात बाळ आलं, स्टुडिओच्या जागी पाळणा आला आणि पाच इंची वूफरचे दोन मॉनिटर सेकंडहॅण्ड भावात माझ्याकडे आले. मॉनिटर म्हणजे कम्प्युटरचा नव्हे हं. गाणं किंवा सिनेमा मिक्स करताना साऊंड इंजिनीअर ज्यावर ऐकतो ते स्पीकर. यांचा फंडा एकच, खरं बोलायचं. घरातले बरेच स्पीकर बास थोडा फुगवतात, वरचे सूर थोडे चमकवतात, आपल्याला छान वाटावं म्हणून. मॉनिटरने असं केलं तर इंजिनीअरची फसगत. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये जे आहे तेच, कमी नाही, जास्त नाही.

आणि यातले ‘पॉवर्ड’ मॉनिटर म्हणजे अॅम्प्लिफायर पोटातच. चांगल्या मॉनिटरमध्ये वूफरला वेगळा अॅम्प आणि ट्वीटरला वेगळा. खर्ज आणि वरचे सूर यांची वाटणी अॅम्पच्या आधीच होते, त्यामुळे ज्याला जेवढी ताकद लागते तेवढीच मिळते. फिनलंडची जेनेलेक ही कंपनी १९७८ मध्ये असेच स्पीकर बनवायला सुरू झाली. गंमत म्हणजे त्याच वर्षी यामाहाने घरात ऐकण्यासाठी म्हणून ‘एनएस-१०’ नावाचा पांढऱ्या कोनचा स्पीकर काढला. त्याला अॅम्प बाहेरून लागायचा. घरांत तो फारसा रुजला नाही, पण जगभरच्या स्टुडिओंमध्ये जाऊन बसला आणि २००१ मध्ये बंद होईपर्यंत हललाच नाही. घरचा स्पीकर स्टुडिओत जाऊ शकतो, तर स्टुडिओचा घरी का नको?

नको म्हणणारे भेटलेच. पण हिशेब माझ्या बाजूने होता. हे मॉनिटर मुळात एक-दीड मीटरवरून ऐकायला बनवलेले. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंती थोडी मदत करतात, तरी मोठ्या बंगल्याच्या दिवाणखान्यात माझ्या पाच इंचीला धाप लागली असती. पण ठाण्यातला आमचा हॉल दहा बाय चौदा! सोफ्यापासून टीव्ही जेमतेम सव्वादोन मीटर. छोट्या घराचा फायदा आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

दोन आले होते, त्याच मॉडेलचे आणखी तीन घेतले. पाचही सारखे असले की गाडी डावीकडून उजवीकडे जाताना तिचा आवाज मध्येच बदलत नाही. त्यांच्या जोडीला एक सबवूफर. आणि इथे पहिला फटका बसला. आमच्याकडे जो एव्ही रिसीव्हर होता त्याला फक्त सबवूफरचा प्री-आऊट! पॉवर्ड मॉनिटरला रिसीव्हरचा अॅम्प नको असतो, फक्त सिग्नल हवा असतो. त्यासाठी पाचही चॅनेलचे प्री-आऊट लागतात आणि ते स्वस्तातल्या रिसीव्हरला सहसा नसतात. स्पीकरच्या वायरी थेट मॉनिटरच्या इनपुटला जोडायचा मोह आवरा, मॉनिटरची वाट लागू शकते. मी रिसीव्हर बदलला. खिशाला बसलेला चटका आईला अजून सांगितलेला नाही. आता वाचेल म्हणा.

मग लॅमिंग्टन रोडला जाऊन केबल बनवून घेतल्या, एका टोकाला आरसीए, दुसऱ्या टोकाला मॉनिटरला चालणारी पिन. पाच मॉनिटर म्हणजे पाच सिग्नलच्या वायरी आणि पाच पॉवरच्या. साध्या स्पीकरला सॉकेट लागत नाही, याला लागतं, हे घेताना कुणाच्या डोक्यात येतं? पुढचे दोन मधल्या रेषेपासून ३०-३० अंशांवर, बाजूचे दोन साधारण ११० अंशांवर असं शास्त्र आहे. आमचा सोफा भिंतीला टेकलेला, तेव्हा बाजूचे दोघे कोनमापक न काढता सोफ्याच्या दोन टोकांना, कानापेक्षा जरा वर बसवले. सगळ्यात महत्त्वाचा मधला. सिनेमातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. तो आडवा झोपवायचा नाही, कारण मग सोफ्यावर जरा सरकलं तरी आवाज बदलतो. उभा ठेवायचा आणि ट्वीटरचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाकडे करायचं. त्यासाठी टीव्ही भिंतीवर फूटभर वर गेला. रिसीव्हरच्या माइकने अंतरं मोजली, पाचही मॉनिटरच्या मागची बटणं एकाच खुणेवर ठेवली, ८० हर्ट्झच्या खालचा सगळा खर्ज सबवूफरकडे वळवला.

सगळं सुरू केलं आणि... घूंऽऽऽ! केबलवाल्याची वायर सेट टॉप बॉक्सला लावली की गुणगुण सुरू, काढली की बंद. ग्राउंड लूप! दोन वाटांनी अर्थिंग मिळालं की विजेची ५० हर्ट्झची गुणगुण स्पीकरमध्ये शिरते. एका उत्साही शेजाऱ्याने सुचवलं, प्लगची मोठी पिन काढून टाक. चुकूनही करू नका, ती पिन आपला जीव वाचवायला असते. मी सगळी यंत्रं एकाच बोर्डवर आणली, केबलच्या वायरवर एक आयसोलेटर बसवला. घूं बंद.

राहिला एक बारीक ‘स्सऽऽ’. पोटात अॅम्प असलेला मॉनिटर काही वाजत नसतानाही ट्वीटरमधून किंचित फुसफुसतो. रात्री टीव्ही बंद केला की जाणवतं. आई सोफ्यावरून उठली, ‘गॅस चालू राहिला की काय गं?’ मी बाबांना विचारलं, ‘तुम्हाला येतोय ना हा आवाज?’

‘कसला आवाज? तुम्हा दोघींचे कान वाजतायत!’

आम्ही हसलो आणि विषय संपला.

उद्‌घाटनाला लावला ‘सिंहासन’. १९७९ चा, डॉ. जब्बार पटेलांचा, बाबांचा लाडका. मधल्या मॉनिटरमधून निळू फुलेंचा आवाज आला आणि बाबा ताठ बसले. एकदाही ‘काय म्हणाला तो?’ नाही! उलट प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. मी मनातल्या मनात कॉलर टाइट केली. पैसे वसूल, बॉस!

पुढच्या शनिवारी नवा सिनेमा लावला. दहाव्या मिनिटाला, ‘काय म्हणाला तो?’

मी मधल्या चॅनेलचा आवाज ३ डेसिबलने वाढवला. पुन्हा तेच. मॉनिटरचा कोन बदलला. पुन्हा तेच. माझा पारा चढला. ‘बाबा, हे स्टुडिओचे स्पीकर आहेत! यापेक्षा स्पष्ट काय असणार?’

आणि बोलता बोलताच मला ऐकू आलं, मी काय म्हणतेय ते. यापेक्षा स्पष्ट काही नसणार. टीव्ही निर्दोष, स्पीकर निर्दोष, पुटपुटणारा नट तर माझ्यासमोर स्वच्छ बोलत होता. मग उरलं कोण? ‘सिंहासन’ बाबा ऐकत नव्हतेच. त्यांना तो पाठ होता. आणि तो फुसफुस आवाज आईला आला, मला आला, त्यांना आला नाही, तेव्हा आम्ही चक्क हसलो होतो.

खरं सांगू? मला शंका आधीपासून होती. फोनवर ते ‘हो हो’ म्हणत आणि नंतर आईला विचारत. लग्नकार्यात कोपऱ्यात बसत. पण बाबांना कमी ऐकू येतंय म्हणण्यापेक्षा टीव्ही वाईट आहे म्हणणं सोपं होतं. टीव्ही बदलता येतो. हजारो रुपये आणि चार वीकएण्ड मी एका प्रश्नाला टाळण्यात घातले होते.

डॉक्टरांकडे यायला बाबांनी तीन आठवडे घेतले. ‘मला ऐकू येतं. शब्द नीट लागत नाहीत एवढंच.’ तपासणीचा आलेख आला तेव्हा कळलं की ते अक्षरशः खरं बोलत होते. डावीकडे, म्हणजे खर्जाच्या बाजूला रेघ जवळजवळ ठीक. २००० हर्ट्झच्या पुढे उतरती, घाटातल्या रस्त्यासारखी. वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते असंच, वरच्या सुरांपासून. तपासणाऱ्या मॅडमनी सोपं करून सांगितलं. बोलण्याचा दणका असतो स्वरांत, आ, ओ, ऊ. ते खाली असतात. पण ‘सात’ आणि ‘हात’ वेगळे करणारा स, किंवा फ, थ ही हलकी, वरची व्यंजनं. आवाज नुसता वाढवला की दणका वाढतो, शब्द नाही. म्हणून माणूस आहे हे कळतं, तो काय म्हणाला ते नाही.

मला एकदम आठवलं, मीही घरी हेच करत होते. ते विचारायचे, आणि मी तेच वाक्य ओरडून सांगायचे. कपाळाला आठी घालून. आवाज वाढवलेला टीव्हीच जणू!

दोन्ही कानांना यंत्रं लागली. चमत्कार वगैरे झाला नाही. पहिले काही दिवस भांड्यांचा आवाज त्यांना सहन होईना, वर्तमानपत्राची घडी उलगडली तरी दचकायचे. अजूनही सबटायटल्स चालू असतात आणि हल्लीचे नट पुटपुटतात हे मत कायम आहे. काही खरंच पुटपुटतात, आता खात्रीने सांगते. मधल्या चॅनेलचे वाढवलेले ३ डेसिबल मात्र मी परत खाली आणलेत.

परवा रात्री सिनेमा संपला. आई झोपायला गेली. मी टीव्ही बंद केला, हॉल शांत झाला. बाबा चष्मा पुसत होते, ते थांबले.

‘अगं, हे काय फुसफुसतंय? गॅस आहे का बघ.’

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ‘नाही बाबा. स्पीकर आहे तो.’

‘कधीपासून?’

‘पहिल्या दिवसापासून.’

ते मधल्या मॉनिटरजवळ गेले, वाकून त्याच्या ट्वीटरला कान लावला. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, ‘एवढे पैसे घालून हा असला स्पीकर घेतलास? बंद कर तो.’

मी उठले. आधी मॉनिटर, मग रिसीव्हर. बंद करायचा क्रम हाच, नाहीतर ‘धप्प’ असा आवाज येतो. आता तो बाबांनाही येईल.