पिठाची मर्यादा, घराची मर्यादा

फ्रीज आला आणि ताज्या-शिळ्यामधली जुनी रेघ पुसट झाली. वैनगंगेकाठच्या कारधा गावातील एका जैन व्यापारी कुटुंबापुढे हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात उभा राहिला. सून भंडाऱ्याच्या शाळेत शिकविते. डिसेंबरात तेथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ती घरी पोहोचते तेव्हा चौविहाराला जेमतेम अर्धा तास उरतो. बाजारच्या पावाविषयी शंका असल्याने मुलांसाठी ती पाव घरीच करू लागली होती. रविवारी एकदाच पीठ मळावे, गोळे फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे भाजावेत, असे तिने योजिले. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पाणी लागलेले पीठ रात्र ओलांडले की वासी झाले.’’

सुनेचे म्हणणे निराधार नव्हते. उणे 18 अंश सेल्सिअसला यीस्टचे कार्य थांबते. गोळा फुगत नाही, आंबत नाही आणि महिनाभरात वापरल्यास पाव चांगला होतो. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस सांगितली आहे. पूर्वजांनी हवामान मोजले, मग फ्रीजर म्हणजे लांबलेला हिवाळाच नव्हे काय, असे तिने विचारले.

सासूबाईंचे उत्तरही विचारपूर्वक होते. ती सवलत कोरड्या पिठाची. पाणी लागलेल्याला ऋतू नाही. शिवाय यीस्ट ही एकपेशीय बुरशी. गारठ्याने तिच्या काही पेशी मरतात, उरलेल्या निद्रिस्त राहून ऊब मिळताच जाग्या होतात. फ्रीजर हिंसा टाळीत नाही, केवळ पुढे ढकलतो.

तयार अन्न हाताशी असावे, ही गरज मात्र जुनी आहे. गुजरात-मारवाडकडील कुटुंबांना त्याचे उत्तर कोरडेपणात सापडले. पातळ पोळी मंद आचेवर दाबून भाजली की ओलावा निघून जातो आणि खाकरा तयार होतो. ओलावा नसला की बुरशी धरत नाही. वीज गेली तरी डब्यातल्या खाकऱ्याचे काही बिघडत नाही.

तरीही वादाचे मूळ पिठात नव्हते. नियम साऱ्या घराचा आणि धावपळ एकटीची, हा हिशेब जुळत नव्हता. पुण्य घराच्या खात्यावर जमा आणि कष्ट सुनेच्या नावे, अशी खतावणी कोणत्या पेढीवर चालेल? हे प्रथम सासूबाईंनीच ओळखले. त्यांचे सांधे दुखतात. म्हणून त्यांनी मुलाला बोलाविले. आता तो चार वाजता दुकानातून घरी येऊन कणीक मळतो आणि सून येते तेव्हा तवा तापलेला असतो. रविवारी मुलांसाठी दही-सोड्याची जाड रोटी होते. ते पीठ थांबत नाही, म्हणून त्याच दिवशी भाजून संपते. अडीअडचणीला खाकऱ्याचा डबा आहेच.

प्रत्येक घराची मर्यादा वेगळी असेल. ती पाळायची ठरली, तर तिचे कष्टही घराने वाटून घ्यावेत. असे झाले तरच पुढची पिढी ती आनंदाने पाळील.